एकाच पेल्याला लागलेले ओठ

इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये सगळी मंडळी एकाच पेल्यातून वाइन पितात, हे मला कळलं ते धुण्यावरून. शेजारच्या बाईंनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक पांढरी पिशवी उपडी केली. आतून लिननचे हातरुमालाएवढे तुकडे निघाले. त्यांच्यावर वाइनचे फिकट जांभळे डाग आणि त्या डागांच्या शेजारी लिपस्टिकचे. गुलाबी, विटकरी, एक तर चांगला ठसठशीत मरून. "ईस्टरनंतर हे असंच असतं," बाई म्हणाल्या. "वर्षभर न फिरकणाऱ्या सगळ्या त्या दिवशी येतात, आणि नटून येतात."

मी पुण्याची. नारायण पेठेतल्या ज्या घरात वाढले तिथली निम्मी शिस्त उष्ट्या-खरकट्यावर उभी होती. भांड्याला तोंड लावून पाणी प्यायचं नाही, वरून ओतायचं. जेवता जेवता उजव्या हाताने वाढून घ्यायचं नाही. आजीच्या सोवळ्याच्या काळात तर कोणाची सावली कुठे पडली यावरूनही स्वयंपाकघरात वातावरण तापायचं. हे सगळं मागे टाकून मी कधीच बाहेर पडले होते, मैत्रिणीच्या बाटलीला तोंड लावताना मागेपुढे पाहत नव्हते. तरी तो मरून ठसा बघून पोटात जरा ढवळलंच. शेदीडशे माणसं, एक पेला आणि तो पुसायला हा रुमाल!

आमचं गाव बॉस्टनच्या बाहेर, आगगाडीने पाऊण तासावर. मधोमध चौक आणि चौकात चर्चं, न्यू इंग्लंडमध्ये असतात तशी. बाईंचं चर्च त्यांतलं लाल दाराचं, दगडी. ऐंशी उलटल्यावर खुब्याचं ऑपरेशन झालं, बाईंचं गाडी चालवणं सुटलं आणि शनिवारी सकाळी त्यांना चर्चमध्ये पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पोचवायचं म्हणजे थांबायचं आणि थांबायचं म्हणजे हाताला काम लागणारच. घरातल्या देवांना जिने कधी मनापासून फूल वाहिलं नाही ती मी अशी ऑल्टर गिल्डमध्ये दाखल झाले. वेदीवरची कापडं, चांदीची भांडी, मेणबत्त्या, फुलं, वाइन आणि भाकरीच्या पातळ चकत्या ही सगळी तयारी करणारं आणि नंतरचं आवरणारं हे मंडळ. जवळजवळ प्रत्येक एपिस्कोपल चर्चमध्ये ते असतं. उपासनेत त्यांचं नाव कुठे येत नाही. ती मंडळी एक रविवार आली नाहीत तर मात्र पाळकांना वेदीपाशी नुसतं उभं राहावं लागेल.

इस्त्रीची एक पद्धत आहे. पेला पुसायच्या रुमालाच्या मधोमध छोटा क्रॉस भरलेला असतो. इस्त्री उलट बाजूने करायची, म्हणजे भरतकाम चेपत नाही, वर उठून दिसतं. कापड ओलसर असतानाच करायची. मग आडव्या तीन घड्या, उभ्या तीन घड्या, चौकोन तयार होतो आणि क्रॉस बरोबर वर येतो. वेदीवर पेल्याखाली जे मोठं कापड अंथरतात त्याची घडी मात्र आतल्या बाजूला घालायची, कारण भाकरीचा एखादा कण पडलाच तर तो कापडात राहिला पाहिजे, जमिनीवर नको. वाइनच्या डागावर उकळतं पाणी उंचावरून सोडायचं. लिपस्टिकला भांड्यांचा साबण. मेण सांडलं असेल तर ते आधी बोथट सुरीने खरवडायचं, मग वर-खाली खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. हे सगळं बाईंनी मला शिकवलं ते आमच्या आजीच्याच आवाजात. म्हणजे चूक झाली की बोलायचं नाही, नुसता रुमाल परत उलगडून पुढ्यात ठेवायचा.

पण धुण्याआधी एक विसळणं असतं. वेदीमागच्या खोलीत एक वेगळं छोटं बेसिन आहे. त्याचा पाइप गटाराला जोडलेला नाही, तो सरळ खाली मातीत जातो. अभिमंत्रित वाइन लागलेल्या रुमालांचं पहिलं पाणी तिथेच ओतायचं. रुमाल घरी नेले असतील तर ते पाणी झाडाला. बाईंच्या अंगणातली हायड्रेंजिया या पाण्यावर माजलेली आहेत असं त्या स्वतःच सांगतात. आमची आजी पूजेचं पाणी तुळशीत ओतायची, तिला हे समजावून सांगावं लागलं नसतं. तिला समजलं नसतं ते पुढचं: ज्या कापडाला शंभर जणांचं उष्टं लागलं, तेच कापड इतकं पवित्र कसं?

त्या प्रश्नासाठी मला रविवारी आत जाऊन बसावं लागलं.

सकाळी आठला एक उपासना असते, गाण्यांशिवायची, जुन्या धाटणीच्या इंग्रजीतली. तिला मोजकी म्हातारी माणसं येतात आणि एकमेकांपासून शक्य तितकी लांब बसतात. दहाची खरी. पुढे क्रॉस घेतलेला मुलगा, मागे मेणबत्त्या, मग गायकवृंद, शेवटी पाळक. बाकाच्या पाठीला दोन पुस्तकं खोचलेली असतात, एक गीतांचं आणि एक प्रार्थनेचं. प्रार्थनापुस्तकाचं मूळ १५४९चं, इंग्लंडच्या थॉमस क्रॅनमरने घडवलेलं. अमेरिकन चर्चने १७८९मध्ये स्वतःचं केलं आणि सध्या चालतं ते १९७९चं. सगळं त्यात लिहिलेलं आहे. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, पाळकांनी काय म्हणायचं, मंडळींनी काय उत्तर द्यायचं. उत्स्फूर्त असं जवळजवळ काही नाही. मला आधी हे कोरडं वाटलं. नंतर लक्षात आलं की यात एक मोठी सोय आहे. तुमचा मूड काय आहे, तुमची श्रद्धा आज किती टक्के आहे, याची चौकशी कोणी करत नाही. पुस्तक उघडायचं आणि सगळ्यांबरोबर म्हणायचं. आमच्या बाईंचे यजमान गेले तेव्हा कित्येक महिने त्यांना एका शब्दावरही विश्वास ठेवता येत नव्हता. "मी गप्प बसायचे, बाकीचे माझ्या वाटचं म्हणायचे," एवढंच त्या सांगतात.

त्या पुस्तकातली पापकबुली मला आवडते. ती सगळे मिळून एका सुरात म्हणतात, खोलीत कोंडून एकट्याने नाही. विचाराने, शब्दाने, कृतीने जे चुकलं ते त्यात आहेच, पण जे केलं त्याबरोबर जे करायचं राहून गेलं तेही आहे. एखाद्याला फोन करायचा राहिला, भेटायला जायचं राहिलं. पुण्यात आपण अशा गोष्टींसाठी "वेळच मिळाला नाही हो" हे कायमचं प्रायश्चित्त काढून ठेवलेलं आहे.

आजारी माणसांची नावं वाचतात. आडनावं नाहीत, नुसती नावं. गेलेल्यांची वेगळी. मग एकमेकांना शांती द्यायची वेळ, म्हणजे पाच मिनिटांचा गोंधळ: लोक बाक सोडून पार पलीकडे जाऊन हात मिळवून येतात, मध्येच कोणीतरी कोणालातरी गुरुवारच्या मीटिंगची आठवण करतं. आणि मग ते, ज्यासाठी शनिवारी इस्त्री झाली.

लोक पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. पाळक तळहातावर भाकरीची चकती ठेवतात. मागोमाग पेला येतो, चांदीचा, जड. तो धरणारी व्यक्ती बहुतेक वेळा मंडळीतलीच असते. आमच्याकडे कधी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका असतात, कधी नळदुरुस्ती करणारा गृहस्थ. एक घोट, रुमालाने कड पुसायची, पेला थोडा फिरवायचा, पुढचे ओठ. बँकेतला मोठा अधिकारी, त्याच्या शेजारी बेघरांच्या निवाऱ्यातून येणारा एक माणूस, त्याच्या शेजारी हैतीहून आलेली नर्स. क्रम ठरलेला नाही, जो जसा येईल तसा.

हे बघून भारावून जायला मी तयार होते. पण मला इतिहास वाचायची वाईट खोड आहे.

पेला एक होता, पण बाक एक नव्हते. बॉस्टनमधलं १७२३चं ओल्ड नॉर्थ चर्च बघायला पर्यटक जातात ते कंदिलांसाठी. १७७५च्या १८ एप्रिलला ब्रिटिश फौज निघाल्याची खूण म्हणून त्याच्या मनोऱ्यात दोन कंदील लावले गेले. मी गेले तेव्हा माझं लक्ष बाकांकडे होतं. तिथले जुने बाक म्हणजे कंबरेच्या वर लाकडी भिंती असलेल्या खोल्याच आहेत, प्रत्येकीला दार. कुटुंबं हे बाक विकत घेत किंवा भाड्याने घेत. पुढचा बाक महाग, मागचा स्वस्त. गरिबांना आणि काळ्या माणसांना वरच्या सज्जात जागा. त्या काळच्या अमेरिकेतल्या बहुतेक चर्चांची हीच रीत. फिलाडेल्फियातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये काळ्या भाविकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवायला लागले, तेव्हा अ‍ॅब्सलम जोन्स आणि त्यांचे साथीदार उठले आणि सगळेच बाहेर पडले. जोन्स जन्माने गुलाम, पुढे स्वतंत्र झालेले. त्यांनी सेंट थॉमस हे काळ्यांचं एपिस्कोपल चर्च उभं केलं, १७९४मध्ये ते उघडलं, आणि पुढे जोन्स या पंथाचे पहिले काळे पाळक झाले. बॉस्टनमध्ये १८४४ साली चर्च ऑफ द अ‍ॅडव्हेंट निघालं ते मुळी बाकांना भाडं नाही या तत्त्वावर. म्हणजे तोवर देवाच्या घरात बसायला भाडं पडतं यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

याच अ‍ॅडव्हेंटमध्ये बॉस्टनच्या प्रसिद्ध धनाढ्य कलासंग्राहक इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर उपवासाच्या दिवसांत पायऱ्या घासायला जायच्या, अशी आख्यायिका आहे. बाईंना मी ती सांगितली. "पायऱ्या घासल्या ना, मग लक्षात राहिल्या," बाई म्हणाल्या. "रुमाल धुतले असते तर कोणाला कळलंही नसतं."

पेल्यापासून पळणारेही होतेच, आणि केवढे मोठे! जॉर्ज वॉशिंग्टन व्हर्जिनियात आपल्या चर्चच्या कारभारी मंडळावर होते. अध्यक्ष झाल्यावर फिलाडेल्फियात क्राइस्ट चर्चला जात, पण प्रभुभोजनाची, म्हणजे ही भाकरी आणि वाइन घ्यायची, वेळ आली की उठून बाहेर पडत. पत्नी मार्था मागे थांबत. तिथल्या एका पाळकांनी व्याख्यानात बड्या पदांवरच्या लोकांनी घालून दिलेल्या वाईट उदाहरणाबद्दल टोला दिला. वॉशिंग्टननी तो ऐकून घेतला, आणि त्यानंतर प्रभुभोजन असेल त्या रविवारी चर्चला येणंच सोडलं. हा तोडगा मला अस्सल पुणेरी वाटतो.

आणि पुण्याचं म्हणायचं तर पंचहौद आलंच.

केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीच्या काठाने मेमोरियल ड्राइव्हवरून जाताना एक दगडी मठ लागतो. तो काउली फादर्सचा, म्हणजे सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचा. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत १८६६मध्ये ही संस्था निघाली. तिचे लोक १८७०मध्ये बॉस्टनला आले आणि त्याच दशकात हिंदुस्थानात, मुंबईला आणि पुण्याला. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, ज्याला सगळं पुणं पंचहौद म्हणतं, ते यांचंच काम. आमचे नीळकंठशास्त्री गोरे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, ख्रिस्ती झाल्यावर काही काळ याच संस्थेत उमेदवार होते. मी लहानपणी पंचहौदच्या मनोऱ्यावरच्या घंटा ऐकल्या त्या आजोळी जाताना. त्या घंटा आणि नदीकाठचा हा मठ एकाच घराण्यातले, हे मला इथे येऊन कळलं.

१८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला, काहींनी तोही नाही. मग गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली आणि शहर पेटलं. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशीला मंडळ नेमलं गेलं, साक्षी झाल्या. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवून दिलं. रानड्यांनी पुढे १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं तर सुधारक त्यांच्यावर उखडले. इतिहासात हे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा हा वाद, चहाच्या नावानेच नोंदलेलं आहे.

शाळेत आम्ही हे हसत वाचलं होतं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट कळेना: "पण शेवटी प्यायले की नाही?"

"त्यावरच तर खटला होता."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या गावातल्या पाण्याच्या नळांबद्दल सांगितलं. त्या मूळच्या दक्षिणेतल्या, जॉर्जियाच्या. तिथे गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर पाट्या. एकाच पेल्यातून पिणं ही तिथेही काही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या वडिलांच्या चर्चमध्ये तर प्रश्नच नव्हता, कारण दुसरं कोणी आत येतच नव्हतं.

मला वाटतं, सोवळ्याला खरी भीती जंतूंची कधीच नव्हती. आजीला जंतू माहीत नव्हते. कोण कोणाच्या बरोबरीने बसणार, हे ओठांवर आणि भांड्यांवर लिहून ठेवायची ती पद्धत होती. म्हणूनच ख्रिस्ती धर्मातली ही एक कृती मला अजूनही धीट वाटते, तिच्यामागचं तत्त्वज्ञान माझ्या पचनी पडो न पडो. आणि म्हणूनच तिच्याभोवती बाकांच्या भिंती बांधणाऱ्यांचा जास्त राग येतो. पेला एकच ठेवून माणसं वेगळी ठेवायची युक्ती त्यांना सापडली होती.

मी स्वतः पीत नाही. चर्चचा नियम असा की प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी तो कोणी विचारत नाही, आमच्या रेक्टरबाई, म्हणजे मुख्य पाळक, त्याही विचारणार नाहीत. पण दुसऱ्याच्या घरचा नियम त्याने डोळेझाक केली म्हणून मोडावा असं मला वाटत नाही. मी छातीवर हात आडवे धरून कठड्यापाशी जाते, त्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, पेला माझ्यावरून पुढे जातो. ज्या पेल्याला मी ओठ लावत नाही त्याचे रुमाल मी धुते. पुण्यात हे उलट असायचं. उष्टी काढणारी बाई वेगळी आणि पंगतीला बसणारे वेगळे, आणि उष्टी काढणारीला पंगतीत जागा नसायची. इथे मला जागा आहे, मीच घेत नाही. हा फरक लहान नाही.

कोविडमध्ये पेला बंद झाला. मार्च २०२०पासून आधी चर्चंच बंद, मग उघडली तेव्हा नुसती भाकरीची चकती. लोकांना सगळ्यात जास्त काय खुपलं असेल तर हे. परत सुरू करताना पुष्कळ वाद झाले. काहीजण आता चकती वाइनमध्ये बुडवून घेतात, त्यात बोटं वाइनला लागतात म्हणजे ते जास्तच अस्वच्छ, असं डॉक्टर असलेल्या एका सभासदाने ठणकावून सांगितलं. एकाच पेल्यामुळे आजार पसरल्याचं नोंदलेलं उदाहरण नाही, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तज्ज्ञांनी १९९८मध्येच लिहिलेलं आहे. ते त्याने छापून सूचनाफलकावर लावलं. तरी काहीजण अजून नुसती चकती घेऊन परततात. कोणी काही म्हणत नाही.

चर्चचा बाकीचा कारभार मात्र अगदीच व्यवहारी. सभासद मतदान करून वेस्ट्री, म्हणजे कारभारी मंडळ, निवडतात, तिच्यात दोन वॉर्डन, म्हणजे मुख्य कारभारी. पाळक वरून लादले जात नाहीत. जागा रिकामी झाली की शोधसमिती नेमतात, गावाची आणि चर्चची माहिती लिहून काढतात, मुलाखती घेतात आणि बिशपच्या संमतीने बोलावतात. शरदात प्रत्येक घराला पत्र येतं: पुढच्या वर्षी तुम्ही किती देणार, ते कार्डावर लिहून द्या. जानेवारीत वार्षिक सभा. तिथे खजिनदार आकडे वाचतात आणि मग बॉयलर की ऑर्गन यावर भांडण होतं. सगळ्या पंथात १९६०च्या दशकात ३४ लाखांवर सभासद होते, आता पंधरा लाखांच्या आसपास. आमच्याही बाकांवर ते दिसतं. म्हातारे जातात, तेवढे तरुण येत नाहीत. बॉयलरला मात्र लोक कमी झाल्याचं कळत नाही, त्याला तेल तेवढंच लागतं.

बायकांचं काय, हा प्रश्न मी एकदा ऑल्टर गिल्डमध्ये विचारला होता. रेक्टर बाई आहेत, ते आता कोणाला नवल वाटत नाही. पण १९७४च्या जुलैत फिलाडेल्फियात अकरा बायकांना परवानगीची वाट न पाहता दीक्षा दिली गेली तेव्हा केवढं वादळ उठलं. मान्यता १९७६ला आली. १९७४च्या त्या दीक्षेच्या दिवशी मिरवणुकीत पुढे क्रॉस धरून चालत होत्या त्या बार्बरा हॅरिस. त्याच पुढे १९८९मध्ये, इथे बॉस्टनमध्ये, सबंध अँग्लिकन जगतातल्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या जगभरच्या चर्चांमधल्या, पहिल्या स्त्री बिशप झाल्या. एवढी क्रांती होऊनही आमच्या गिल्डमध्ये इस्त्री करणारा पुरुष एकच आहे, निवृत्त नौदल अधिकारी. त्याच्या घड्या आम्हा सगळ्यांपेक्षा चोख असतात आणि तो ते ऐकवतोही.

उपासनेनंतर कॉफी अवर. तळघरातल्या हॉलमध्ये, मोठ्या स्टीलच्या पिंपातून. खरं सांगायचं तर या पंथाची अर्धी उपासना इथे होते. कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणाला केमो सुरू झाली, कोणाला मंगळवारी दवाखान्यात सोडायला गाडी हवी, हे वर प्रार्थनेत नुसतं नाव असतं, खाली त्याची व्यवस्था लागते. निवाऱ्यातून येणारा तो माणूस चार बिस्किटं खिशात घालतो आणि पाचवं कोणीतरी त्याला आग्रहाने देतं. कॉफी मात्र भयंकर असते. यावर कोणाचंच दुमत नाही, तरी ती बदलत नाही.

कॉफी अवरला प्रत्येकाची पाळी लागते आणि कधीतरी माझीही लागली. मी घरून मोठं पातेलं, आलं, वेलची आणि पुण्याहून आणलेली चहा पावडर घेऊन गेले. बाईंनी माझ्या आधीच सगळ्यांना पंचहौदची गोष्ट सांगून ठेवली होती, थोडी तिखटमीठ लावून. त्यामुळे रेक्टरबाईंनी पहिला कप घेतला तेव्हा कोणीतरी ओरडलं, "नाव छापून येईल हं!" नौदलवाल्यांनी साखर जास्त आहे असं सांगून दोन कप संपवले. वॉर्डन आजोबांनी तिसऱ्यासाठी पातेलं वाकडं करून पाहिलं. मी दुधाची पावती पुढे केली तर म्हणाले, खजिनदाराकडे दे, पण कॉफीच्या खात्यातून चहाचे पैसे द्यायचे म्हणजे वेस्ट्रीत विषय ठेवावा लागेल, महिना तरी धर.